गंगापूर रोडवरचा एकटा वानर

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गंगापूर रोडवरील आमच्या शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर सकाळी सातच्या सुमारास एक वानर येऊन बसला होता. काळेभोर तोंड, राखाडी अंग, भिंतीवरून खाली लोंबणारी लांबलचक शेपूट. खाली पाहता पाहता गर्दी जमली. एका आजींनी हात जोडले आणि नातवाला केळे आणायला घरात पिटाळले. सोसायटीचे सचिव वनखात्याचा दूरध्वनी क्रमांक शोधू लागले. 'एक आला म्हणजे मागून टोळी येणारच,' असे एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले, तर 'हा चावरा असणार, म्हणूनच टोळीने हाकलला,' असे दुसऱ्यांनी तितक्याच ठामपणे. पकडून दूर जंगलात सोडून द्यावे, यावर मात्र सर्वांचे एकमत झाले.

मागून टोळी आली नाही. तो वानर चावलाही नाही. पण हा कोण, कोठून आला, एकटाच का, आणि त्याला पकडून 'दूर जंगलात' सोडल्याने नेमके काय होते, हे प्रश्न काही डोक्यातून जाईनात. त्यांची उत्तरे आहेत. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत रानावनांत, देवळांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला बसून काही चिकाटीच्या माणसांनी ती मिळवली आहेत. त्यातला महत्त्वाचा भाग आपल्याच परिसरात घडला, आणि नाशिकचे स्थान तर या विषयात फारच मोक्याचे आहे. दुर्दैवाने, पकडण्याचा निर्णय घेताना ही उत्तरे सहसा कोणी विचारात घेत नाही.

प्रथम नावांचा गोंधळ मिटवू. मराठीने वानर आणि माकड हे दोन वेगळे शब्द जपले आहेत आणि ते दोन वेगळ्या प्राण्यांसाठी आहेत. काळ्या तोंडाचा, लांब हातापायांचा, मुख्यतः पाने खाऊन जगणारा तो वानर. त्याच्या टोळीतील बलदंड नराला आपण 'हुप्प्या' म्हणतो. लालसर तोंडाचे, तपकिरी अंगाचे, गालांतल्या पिशव्यांत खाऊ कोंबणारे ते माकड. ब्रह्मगिरी चढताना यात्रेकरूंच्या हातातील पिशव्या हिसकावतात ती माकडे. शहरातील मुलांना मात्र दोन्ही 'मंकी'च, आणि बातम्या लिहिणाऱ्यांनाही अलीकडे हा फरक फारसा कळेनासा झाला आहे.

माकडांतही पुन्हा दोन जाती आहेत. एक उत्तर भारतातील ऱ्हीसस. तिची शेपूट आखूड, डोक्यावरचे केस मागे वळवल्यासारखे आणि पाठीचा मागचा भाग तांबूस. दुसरी दक्षिण भारतातील बोनेट. तिची शेपूट चांगली लांब, आणि डोक्यावरच्या केसांचा भोवरा असा पसरलेला की टोपी घातल्याचा भास व्हावा. बोनेट माकड दक्षिण भारत सोडून जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. ऱ्हीससचे राज्य मात्र अफगाणिस्तानपासून चीनपर्यंत पसरलेले आहे.

या दोन जातींची सीमा ढोबळमानाने पश्चिमेकडे तापी आणि पूर्वेकडे गोदावरी अशी सांगितली जाते. जॅक फूडेन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने महाबळ आणि साहा या भारतीय सहकाऱ्यांसह १९८१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही सीमारेषा नव्याने तपासून मांडली. नाशिककरांनी येथे जरा थांबावे. आपल्या जिल्ह्यातील सातमाळा रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेतून तापीला जातो आणि दक्षिणेला पडलेला गोदावरीला. म्हणजे ज्या दोन नद्यांच्या नावाने ही रेषा सांगितली जाते, त्या दोन्हींचे पाणी याच जिल्ह्यात वाटले जाते.

अर्थात नदी म्हणजे कुंपण नव्हे. गोदावरी त्र्यंबकला एवढीशी आहे की माकडाचे पिलूही ती ओलांडील. शिवाय ऱ्हीसस उत्तम पोहतात. त्यामुळे ही सीमा नकाशावरील रेघेसारखी नसून एका रुंद पट्ट्यासारखी आहे. हवामान, जंगलाचा प्रकार आणि दोन जातींमधील चढाओढ यांच्या तोलातून ती टिकून होती, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आणि तोल म्हटला की तो बिघडूही शकतो.

काळ्या तोंडाच्या वानरांतही असाच एक विभाग आहे, आणि तो ओळखण्याची खूण इतकी साधी आहे की ती ऐकून प्रथम हसू येते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक एम. एल. रूनवाल यांनी देशभरातील वानर चालताना शेपूट कशी धरतात याची बारकाईने नोंद केली. उत्तरेकडील वानर शेपूट पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने कमानीसारखी वळवतो. दक्षिणेकडील वानर ती वर उचलून मागच्या बाजूला झुकवतो. या दोन पद्धतींची सीमाही साधारणपणे तापी-गोदावरीच्याच आसपास येते. पुढे प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यास केला, तेव्हा उत्तरेचे आणि दक्षिणेचे वानर रक्तानेही बरेच वेगळे असल्याचे दिसले. आज अनेक शास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीचे मानत नाहीत. शेपटीच्या वळणाला जनुकांनी दुजोरा द्यावा, हे विलक्षणच म्हणायचे. दुर्बिणीशिवाय दुसरे साधन नसलेल्या माणसाला यापेक्षा मोठी शाबासकी कोणती?

आता टाकीवरच्या त्या एकट्याकडे वळू. त्याचे कोडे सुटण्यासाठी आधी धारवाडला जावे लागेल.

धारवाड म्हटले की मराठी रसिकाला मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. जगभरच्या वानरशास्त्रज्ञांना मात्र १९६१ साली तेथे आलेले क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा आठवतात. जपानी संशोधकांची एक खास रीत होती. पाश्चात्त्य अभ्यासक तोवर बहुधा 'टोळी' पाहत. जपानी अभ्यासक टोळीतील प्रत्येक प्राणी चेहऱ्याने ओळखत, त्याला नाव वा क्रमांक देत आणि वर्षानुवर्षे त्याची वही ठेवत. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या एका लहान माकडिणीने रताळे पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली आणि ही सवय हळूहळू इतरांत पसरली, हे त्यांना कळले ते याच वहीमुळे. प्राण्याला नाव देणे हे त्या काळी अनेकांना अशास्त्रीय वाटे. पण कोण कोणाचे पिलू, कोण कोणाजवळ बसते, कोण कोणाला हुसकावते, हे नावाशिवाय कळणार कसे?

धारवाडच्या आसपासच्या रस्त्याकडेच्या झाडीत सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वानरांच्या टोळ्या अशाच एक-एक करून ओळखल्या. बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर, अनेक माद्या आणि त्यांची पिले होती. मग इतर नर गेले कोठे? ते वेगळ्या, केवळ नरांच्या टोळ्यांत हिंडत होते. वानराचे नर-पिलू वयात येऊ लागले की त्याला जन्माची टोळी सोडावी लागते. माद्या मात्र आयुष्यभर आईच्या टोळीतच राहतात. घर, शेजार, झाडे आणि पाणवठे यांचे ज्ञान आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे जाते. नर हा त्या घरातला तात्पुरता पाहुणा. आपल्याकडे हुप्प्याला टोळीचा राजा म्हणतात, पण टोळीची मालकी खऱ्या अर्थाने वानरींकडे असते.

सुगियामांनी १९६२ साली जे पाहिले, त्याने मात्र ते स्वतःही हादरले असावेत. नरांच्या एका टोळीने एका कुटुंबावर हल्ला केला आणि जुन्या हुप्प्याला पिटाळून लावले. मग त्या नरांपैकी एकाने इतरांनाही हाकलले आणि टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर टोळीतील अंगावर पिणारी पिले एकामागून एक चावे घेऊन मारली गेली. थोड्याच काळात त्यांच्या आया माजावर आल्या आणि नव्या नराशी त्यांचे मीलन झाले. १९६५ साली सुगियामांनी हे प्रसिद्ध केले.

त्यांनी आणखी एक प्रयोग केला, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका शांत, स्थिर टोळीतील एकमेव प्रौढ नर त्यांनी मुद्दाम पकडून बाजूला केला. बाकी काहीही बदलले नाही. थोड्याच अवधीत बाहेरचा नर टोळीत शिरला आणि तेथेही पिलांवर हल्ले होऊन ती मारली गेली. म्हणजे माणसाने फक्त एक नर उचलला, आणि त्याची किंमत टोळीच्या एका संपूर्ण वर्षाच्या पिलांनी चुकवली. आपल्याकडे 'उपद्रवी हुप्प्या पकडला' अशी बातमी येते तेव्हा त्या टोळीत पुढच्या महिन्याभरात काय घडले, याची बातमी कधीच येत नाही.

हे सर्व अनेकांना पटले नाही. फिलिस जे या अमेरिकन संशोधिकेने १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांचा अभ्यास केला होता. ओरछा हे आपल्या गडचिरोलीच्या शेजारच्या अबूझमाडातले. तेथे तिला शांत, समंजस समाज दिसला होता. नवजात काळे पिलू एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर कसे फिरते, मावश्या-काकूंचा त्याच्याभोवती कसा गराडा पडतो, याचे तिने केलेले वर्णन आजही वाचनीय आहे. धारवाडची हिंसा ही गर्दीमुळे आणि माणसाच्या त्रासामुळे आलेली विकृती आहे, असे मत पुढे बराच काळ मांडले गेले. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही पिलांच्या हत्या नोंदवल्या, तरी वाद मिटला नाही.

१९७१ साली सारा ब्लॅफर हर्डी ही तरुण अमेरिकन संशोधिका अबूच्या पहाडावर आली ती हीच गर्दीची उपपत्ती तपासायला. अनेक वर्षे, अनेक फेऱ्या करून तिने जे पाहिले त्याने तिचेच मत बदलले. तिचा हिशेब थोडक्यात असा. वानरीचे गर्भारपण साधारण दोनशे दिवसांचे. पिलू अंगावर पीत असेतो ती पुन्हा माजावर येत नाही. आणि हुप्प्याची गादी टिकते सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास. म्हणजे नव्या नराने आधीच्या नराची पिले मोठी होण्याची वाट पाहिली, तर स्वतःची पिले जन्मून सावरायच्या आत त्याचीच हकालपट्टी व्हायची. ज्याने वाट पाहिली नाही, त्याचा वंश वाढला. यात नराचा 'दुष्टपणा' नाही आणि हेतूही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडलेली ती वागणूक आहे. तिचे पुस्तक १९७७ साली आले आणि त्यावरून झालेले वादंग वर्षानुवर्षे चालले.

हर्डीचे मोठेपण मला वाटते ते दुसऱ्याच गोष्टीत. तिने नरांइतकेच लक्ष माद्यांवर ठेवले. वानरी काही मुकाट्याने सोसत नाहीत. स्वतःचे विणे थांबलेल्या म्हाताऱ्या वानरी दुसरीच्या पिलासाठी आपल्याहून कितीतरी दांडग्या नरावर धावून जाताना तिने पाहिल्या. काही वानरी गर्भार असतानाही नव्या नराशी मीलन करतात. पिलू कोणाचे, हा संभ्रम त्या नराच्या मनात राहावा आणि पिलू वाचावे, असा त्याचा अर्थ तिने लावला.

वादाचा निकाल लागायला मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली, आणि तो लागला विष्ठेमुळे. नेपाळमधील रामनगर येथे कारोला बोरिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी ओळखीच्या वानरांची ताजी विष्ठा गोळा करून तिच्यातील डीएनए तपासला. १९९९ साली त्यांनी दाखवून दिले, की पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते, आणि त्याच माद्यांची पुढची पिले बहुधा त्या नरांची होती. रामनगरच्या जंगलात धारवाडसारखी गर्दीही नव्हती. प्राण्याला हातही न लावता, केवळ त्याच्या मागे मागे हिंडून बापलेकाचे नाते सिद्ध करता येते, हे क्षेत्रीय संशोधनाचे मोठेच यश होते.

तर आमच्या टाकीवरचा तो गृहस्थ बहुधा असा होता: जन्माची टोळी सुटलेला, अजून कोणाचीही गादी न मिळालेला तरुण नर. असे नर लांब लांब भटकतात, नदीकाठच्या झाडीच्या आधाराने शहरात शिरतात आणि वाट फुटेल तिकडे निघून जातात. त्यांच्यामागून टोळी येत नाही. टोळीने त्याला 'चावरा' म्हणून हाकललेले नसते. नर असणे एवढेच त्याचे कारण. त्याला खाऊ घातले नाही आणि कुत्री मागे लावली नाहीत, तर तो एक-दोन दिवसांत आपणहून वाटेला लागतो. त्याला पकडणे सोपे नाही. पण मुख्य म्हणजे, गरजेचेही नाही.

माणसाला मात्र प्राण्याच्या वागण्यात आपली गोष्ट वाचायची फार हौस. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावची बातमी जगभर गाजली, ती आठवत असेल. वानरांच्या पिलाला कुत्र्यांनी मारले, म्हणून सूडाने वानरांनी अडीचशे कुत्री मारली, अशी ती बातमी. वनखात्याने दोन वानर पकडून नेले. अडीचशे हा आकडा कोणी मोजला होता? कोणीच नाही. वानर कुत्र्यांची लहान पिले उचलून झाडांवर, छपरांवर नेत होते आणि काही पिले उंचावरून पडून वा उपासमारीने मेली, एवढे गावकऱ्यांच्या सांगण्यावरून दिसते. दुसऱ्याचे पिलू उचलून घेऊन फिरणे ही सवय वानरांत मुळातच आहे. ते खाली कसे ठेवायचे, याची जाण मात्र कुत्र्याच्या पिलाबाबत त्यांना असणार नाही. सूड ही कथा म्हणून आकर्षक आहे, परंतु तिला पुरावा नाही. त्या गावात महिनाभर वही घेऊन बसणारा एखादा अभ्यासक असता, तर खरे काय ते कळले असते.

वही घेऊन बसायचे म्हणजे तरी काय करायचे? १९७४ साली जीन ऑल्टमन यांनी निरीक्षणाच्या पद्धतींवर लिहिलेल्या निबंधाने या शास्त्राला शिस्त लावली. ठळक, नाट्यमय प्रसंगांचीच नोंद केली तर सगळी टोळी सतत भांडतेच आहे असे वाटू लागते. म्हणून एक प्राणी आधीच निवडायचा, ठरावीक मिनिटे फक्त त्याच्यावरच नजर ठेवायची आणि तो काहीही करो, अगदी नुसता झोपला असला तरी, ते लिहायचे. मग दुसरा प्राणी. कंटाळवाणे काम आहे. पण त्यातूनच कळते की वानराचा बराचसा दिवस खाण्यात, आणि खाल्लेले पचवत बसून राहण्यात जातो. त्याच्या पोटाला कप्पे असतात आणि त्यांतील सूक्ष्मजीव पाने आंबवून पचवतात, काहीसे गाईगुरांसारखे. अशा पोटात रोज बिस्किटे आणि वेफर घालणे हे पुण्यकर्म कसे ठरते, हे मला कळलेले नाही.

खाऊ घालण्याचे परिणाम पोटापुरते राहत नाहीत. कर्नाटकातील बंदीपूर परिसरात अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी बोनेट माकडांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. बोनेट हा मुळात सहिष्णू प्राणी. त्यांच्या टोळीत अनेक प्रौढ नर एकत्र नांदतात. परंतु पर्यटकांच्या खाऊवर जगणाऱ्या रस्त्याकडेच्या काही टोळ्यांत एकच नर उरल्याचे त्यांना आढळले. खाऊ एका जागी मिळू लागला की तो एकट्याला राखता येतो, आणि मग समाजरचनाच बदलते. याच बंदीपुरातली माकडे माणसाकडे खाऊ मागताना विशिष्ट आवाज काढतात, हात पुढे पसरतात आणि माणूस आपल्याकडे पाहतो आहे की नाही हेही ताडतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ही भीक मागण्याची कला रानात नव्हती. ती आपण शिकवली आणि तिच्यावरून 'माकडे माजली' म्हणून ओरडतोही आपणच.

संख्येचा प्रश्न तर याहून अवघड. 'माकडे फार वाढली' हे वाक्य आपण सहज बोलतो. वाढली म्हणजे किती, आणि कशावरून? समजा, सकाळी एका कॉलनीत वीस माकडे दिसली आणि दुपारी पलीकडच्या कॉलनीत वीस. ती चाळीस आहेत की तीच वीस? तोंडओळख नसेल तर सांगता येत नाही. म्हणून शिरगणती करणारे पहाटे, टोळी झोपायच्या झाडावरून उतरण्याआधी तेथे पोहोचतात, किंवा ती रस्ता ओलांडत असताना मोजतात, आणि नुसता आकडा न लिहिता नर, मादी, अर्धवट वाढलेली आणि अंगावरची पिले वेगवेगळी लिहितात. टोळीचे भवितव्य त्या विभागणीत दडलेले असते.

याचा उत्तम दाखला चार्ल्स साउथविक आणि अलीगढच्या एम. रफीक सिद्दीकी यांच्या कामात सापडतो. १९५९ पासून त्यांनी उत्तर भारतातील गावे, शहरे आणि देवळांतील ऱ्हीसस माकडे मोजली. त्या काळी पोलिओच्या लसीसाठी आणि इतर प्रयोगांसाठी भारतातून वर्षाला लाखाच्या घरात माकडे निर्यात होत. वरवर पाहता माकडे मुबलक होती. परंतु टोळ्यांत प्रौढ आणि अगदी लहान पिले होती, मधल्या वयाचीच कमी होती. पकडणारे नेमकी तीच उचलून नेत होते. पुढे १९७८ साली भारताने ही निर्यात बंद केली.

आणि बोनेटचे काय? 'सगळीकडे तर दिसतात' म्हणून त्यांची चिंता कोणी केली नव्हती. म्हैसूर परिसरातील रस्त्यांकडेच्या टोळ्या मात्र तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे त्याच मार्गांवरून मोजल्या होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पंचवीस वर्षांत ही संख्या ६५ टक्क्यांहून अधिक घटली. रस्ते रुंद करताना वड-पिंपळ-उंबरांच्या जुन्या रांगा गेल्या, आणि त्यांवर झोपणाऱ्या, त्यांचीच फळे खाणाऱ्या टोळ्याही गेल्या. रस्त्यातल्या जुन्या वडांवरून गंगापूर रोडवासीयांनी किती वाद घातले आहेत, ते वेगळे सांगायला नको. २०२० च्या मूल्यांकनात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने बोनेट माकडाला 'असुरक्षित' या गटात टाकले. म्हणजे ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर आपण ज्याला काठी दाखवतो, त्याची गणना संकटातील जातींत होते.

त्यातच सीमारेषा सरकते आहे. सिन्हा यांच्यासह ऋषी कुमार आणि सिंधू राधाकृष्ण यांनी २०११ साली दाखवून दिले, की ऱ्हीसस दक्षिणेकडे पसरत आहेत आणि पूर्वी बोनेटची असलेली काही ठिकाणे त्यांनी व्यापली आहेत. ऱ्हीसस अधिक आक्रमक आणि माणसाच्या वस्तीला अधिक सरावलेले. त्यांच्या पसरण्यात माणसाचा हातभार आहेच. एका शहरातून पकडलेली माकडे ट्रकमध्ये घालून दुसऱ्या जिल्ह्याच्या घाटात सोडली की तेथील रहिवाशांचे काय होईल, याचा विचार कोण करतो? सोडणाऱ्याला दोन्ही 'लाल तोंडाची'च. तापी आणि गोदावरी यांच्या मधल्या पट्ट्यात तर ही चूक सर्वांत महाग पडण्यासारखी आहे, कारण बोनेटचे उत्तरेकडील टोक येथेच आहे.

यावर शेतकरी विचारील, की आम्ही काय करायचे? हा प्रश्न रास्त आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा, नारळ, केळीच्या बागायतदारांचे वानर-माकडांमुळे होणारे नुकसान जुने आहे आणि खरे आहे. गंगापूर रोडवरून निसर्गप्रेमाचे डोस पाजणे सोपे असते. ज्याचा हातातोंडाशी आलेला नारळ रोज खाली पडतो, त्याला ते पटणार नाही. पण पकडून दूर सोडण्याचा उपाय त्याच्याही कामाचा नाही. मोकळी झालेली जागा शेजारची टोळी व्यापते, आणि सोडलेली टोळी दुसऱ्या कोणाच्या तरी बागेत शिरते. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून ऱ्हीसस माकडांच्या नसबंदीचा मार्ग धरला. तो खर्चिक आहे आणि त्याचे फळ सावकाश मिळते. कोणताही उपाय करा, तो लागू पडला की नाही हे सांगायला आधीची आणि नंतरची शिरगणती लागते. ती नसेल तर खर्च झाला, एवढेच निश्चितपणे सांगता येते.

मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचा विषाणू शोधून काढला. हाच तो गोचिडांतून पसरणारा माकडताप. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचा उद्रेक झाला. मेलेले माकड ही गावासाठी पहिली धोक्याची सूचना असते. पण ज्या रानातली माकडे कोणाच्या ओळखीचीच नाहीत, तेथे दोन-चार नाहीशी झाली तर कोणाच्या लक्षात येणार?

आमच्या वानराची गोष्ट पुढे फारशी नाही. सचिवांना वनखात्याचा क्रमांक लागेपर्यंत दुपार झाली. आजींचे केळे नातवाने खाल्ले. संध्याकाळी तो दोन इमारती पलीकडे दिसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सोमेश्वरच्या बाजूला, नदीकाठच्या झाडांत शिरला, असे रखवालदाराने सांगितले. 'जाताना त्याची शेपूट कशी होती? पुढे वळलेली की मागे?' असे मी त्याला विचारले. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग आठवून म्हणाला, पुढे. त्याच वेळी तेथे असलेला दूधवाला म्हणाला, मागे. गर्दीतल्या जवळजवळ प्रत्येकाने भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढले होते, म्हणून मी ती मागवून घेतली. एकूण चौदा निघाली. चौदाही छायाचित्रांत तो टाकीवर बसलेला आहे आणि शेपूट भिंतीवरून सरळ खाली लोंबते आहे.